जगबुडीच्या दिवशी गच्चीवर

चारकोप, कांदिवली
१२ जानेवारी २०२६

प्रिय निलू,

ताईचे आशीर्वाद. तुझा मित्र मिथुन तिकडे मस्कतला परत निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि कुळथाचं पीठ देतेय. आपल्या एका खोलीत फोनवर काही बोलायची सोय नाही, बाबांचे कान अजून तिखट आहेत.

बाकी सगळं झकास. बाबांना मात्र नवं वेड लागलंय, जगबुडीचं. दिवसभर मोबाइलवर तेच. उल्का आदळतेय, समुद्र चढतोय आणि हे मजेत चहा पीत बघतायत. कुणा व्हिडिओवाल्याने रविवारी सूर्यास्ताला जग संपणार म्हणून सांगितलं, तर आमच्या धाकूशेठनी, म्हणजे बाबांनीच, अख्ख्या बिल्डिंगला गच्चीवर बोलावणं धाडलं. मी वैतागले. म्हटलं, बाबा, तुम्हाला यात आवडतं तरी काय?

"सगळ्यांनी मिळान जावचा असला तर भिया नाय गो," ते म्हणाले. "एकट्यान जावचा, तेचा भिया वाटता."

निलू, तेव्हा मला कळलं की त्यांना ठाऊक आहे. रिपोर्ट मी लपवला होता, तुझ्यापासूनसुद्धा. बाबांना कॅन्सर आहे रे. यकृतात पसरलाय. डॉक्टर म्हणाले, होळीपर्यंत धरून चाला.

रविवारी सगळे आले, हसायलाच आले होते. पण सूर्य गोराईच्या खाडीपलीकडे टेकला, मागे नॅशनल पार्कचे डोंगर तांबडे झाले आणि सगळे हसणं विसरून कठड्याशी गोळा झाले. एवढी वर्षं इथे राहून एवढं मोठं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी हात जोडले आणि गावी घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागितलं. जानकीकाकूंचे गुडघे, वॉचमनची नोकरी, तुझी बढती. स्वतःसाठी काहीच नाही.

गाऱ्हाणं पुरुषांनीच घालायचं, हे मलाही माहीत आहे. तरी मी पुढे झाले.

"बा देवा महाराजा, माझ्या बापाशीक एकट्यान जावक लावू नको. तेचो झील निलेश येतलो, जवळ बसतलो."

"व्हय महाराजा," अख्खी गच्ची म्हणाली, दुसऱ्या मजल्यावरचे शहासुद्धा. बाबांनी जोडलेले हात कपाळाला लावले. सूर्य बुडाला. जग होतं तिथेच होतं, आणि मला त्याचंच एवढं नवल वाटलं की खाली उतरवेना.

तुला न विचारता मी देवापुढे तुझं नाव घेतलंय. मला खोटी पाडू नकोस.

वाट बघतेय,
तुझी अस्मिताताई