भिंतीचं प्लास्टर खरवडल्याबद्दल

चि. भाऊजींस आशीर्वाद.

मंगळवारी दूध तापवलं, पाणी भरलं, कपडे पिळून दोरीवर टाकले आणि केर काढायला बाहेरच्या खोलीत आले, तर तिथे घोट्यापर्यंत केर. सुनेने आणलेला सजावटवाला छिन्नी घेऊन तुमच्या दादांनी केलेलं प्लास्टर खरवडत होता. तुमची कंबर आता बरी असेल. (मी ठीक आहे. रागाने माणूस मरत असता, तर हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं.)

म्हणे ही इंडस्ट्रियल शैली. मी वाचनालयातून पुस्तक आणून सगळ्या शैली वाचून काढल्या. मिनिमल म्हणजे घरात काही ठेवायचं नाही (आमच्याकडे लग्नानंतर सहा वर्षं हेच होतं, तेव्हा कुणी फोटो काढायला आलं नाही). स्कँडिनेव्हियन म्हणजे सगळं पांढरं. ते पुसणारी बाई पुस्तकात कुठेच नाही. बोहेमियन म्हणजे पसारा, पण मुद्दाम केलेला. आणि इंडस्ट्रियल म्हणजे गवंडी काम अर्धं टाकून पळाला की दिसतं ते. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या विटा झाकल्या, त्याच्याच घरच्या उघड्या पाडल्या. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली, पण ते प्लास्टर सूतभर हललं नव्हतं. लेक म्हणतो, "आई, फॅशन आहे," आणि मोबाइलमध्ये तोंड घालतो.

आतले विटांचे थर मात्र वाकडे निघाले. सून आल्यागेल्याला सांगते, "बाबांच्या हातचं आहे हं, किती नैसर्गिक." लोक मान तिरकी करून "वा" म्हणतात. शेजारचा सुतार तेवढा म्हणाला, "वहिनी, मिस्त्रींचा हात असा नव्हता हो." मी गप्प बसले. मी, भाऊजी, गप्प बसले.

लोभ आहे तसाच आहे, वर राग.

तुमची वहिनी

ता. क. ते थर तुम्ही सोळाव्या वर्षी घातलेत. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा यांनी पाहिलं. पाडलं नाही, वरून प्लास्टर केलं आणि मला म्हणाले, "पोर खचेल, कुणाकडे बोलू नकोस." एकतीस वर्षं बोलले नाही. आता थापी घेऊन या. सुनेला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी मी सिमेंट कालवलं आणि हात पोचतो तिथपर्यंत भिंत लिंपून काढली.