कासवाला तोंड नाही

४ फेब्रुवारी

शेवटच्या पानावर कासवाच्या डोळ्याखाली एक थेंब काढला. निळा, तांदळाएवढा.

काढल्यावर आवडला. तिथेच चुकलं.

५ फेब्रुवारी

मुलांसाठी कासवाची सात पुस्तकं झाली. शब्द दादाचे, चित्रं माझी. हे आठवं. पहिल्या वेळी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठरलं होतं — कासवाला तोंड काढायचं नाही. दोनच रंग. ‘वाईट वाटलं’, ‘आनंद झाला’ असलं लिहायचं नाही. “आपण दोघांनी गप्प बसायचं,” तो म्हणाला होता. “रडायचं तर वाचणारं पोर रडेल. त्याच्या वाटणीचं आपण रडायचं नाही.”

या वेळी कासवाची मैत्रीण, बदक, निघून जाते. दादाची शेवटची ओळ — ‘बदक गेलं. तळं तिथेच होतं.’ त्याने नियम पाळला.

हल्ली दादाला कडांचं तेवढं दिसतं, मधलं सगळं धुरकट. चित्रं मी तोंडी सांगते. दिसत असतं तर थेंब काढला असता? नसता काढला.

९ फेब्रुवारी

संपादकबाईंचा फोन. “या वेळी चित्रांनी बाजी मारली हं. शेवटच्या पानाला मी तर गलबललेच.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शब्दांआधी चित्रांबद्दल बोलल्या. जेवताना ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. मग घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

१२ फेब्रुवारी

दादाकडे. वहिनी कच्ची प्रत चाळत होती. तो अंघोळीला गेला तशी म्हणाली, “वन्सं, कासवाला सर्दी झालीय वाटतं.”

त्याला सांगू नकोस म्हटलं.

“मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही निस्तरा.”

तो कान पुसत बाहेर आला. “शेवटचं पान सांग, बारके.”

“नेहमीसारखंच. कासव तळ्याकडे बघतंय.”

“आणखी काही?”

“नाही. बस्स.”

“छान,” म्हणाला. कान पुसत राहिला. कोरडे झाले होते तरी.

१३ फेब्रुवारी

थेंब चांगलाच आहे. पण त्याने आधीची सात पुस्तकं खोटी पडतात. जणू कासवाला तेव्हाही रडता येत होतं आणि आम्ही त्याला रडू दिलं नाही.

१६ फेब्रुवारी

शेवटचं पान नव्याने काढलं. कासव, तळं. थेंब नाही. स्वतः छापखान्यात नेऊन दिलं.

छापखानेवाला वैतागला. “सकाळी तुमच्या भावाचा फोन, आता तुम्ही. घरीच काय ते ठरवून येत जा की.”

दादाने कशाला फोन केला, ते विचारलं नाही. सुटल्यासारखं वाटत होतं, त्यात राहून गेलं.

दादाला सांगायचंही राहिलं. सांगणार तरी काय — जे नाही म्हणून सांगितलं होतं, ते आता खरंच नाही?

२ मार्च

प्रती आल्या. शेवटचं पान.

‘बदक गेलं. कासव रडलं.’

वर माझं कासव. कोरडं ठणठणीत.

वहिनीला फोन केला. “मी आपणहून नाही हो सांगितलं,” म्हणाली. “तुम्ही गेल्यावर त्यांनीच विचारलं. म्हणे, बारकी खोटं बोलली की शेवटी ‘बस्स’ म्हणते, लहानपणापासून. मग सांगितलं, थेंब आहे म्हणून. चार दिवस गेले. मग म्हणाले, चित्र रडतंय तर शब्दांनी तिला एकटं पाडायचं नाही. आणि फोन लावला.”

सात पुस्तकं जपलेला नियम त्याने मोडला. माझ्यासाठी.

३ मार्च

सगळं सांगायचं ठरवून गेले. पुस्तक त्याच्या मांडीवर होतं, शेवटचं पान उघडं.

“थेंब कुठेय? माझं बोट ठेव त्यावर.”

मी त्याचं बोट धरलं. डोळ्याखाली, कोऱ्या कागदावर ठेवलं.

“इथे,” म्हटलं. “बस्स.”