उन्हाळ्यातले वजन (किलो)

सांगली, शनिवार, दि. १० मे २०२५, दुपारी सव्वातीन. कार्यालयातले सगळे जेवून पेंगत आहेत आणि मी कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातले एक बटण ओल्या फडक्याने पुसतो आहे.

तीर्थस्वरूप आकाराममामा यांस,

मल्हारचा शिरसाष्टांग नमस्कार. (हा शब्द सलग लिहितात, मध्ये फट सोडत नाहीत. पुढे सगळे फटींविषयीच सांगायचे आहे, म्हणून आधीच लिहिले.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? पत्र तुमची सोनिया वाचून दाखवत असेल, तर तिने कंसातला मजकूरही वाचावा, गाळू नये. मी येथे खुशाल आहे, म्हणजे पगार मिळतो आणि अजून कोणी मारलेले नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "मल्हारी, चारा डेपो का रं उठवला? आमी काय घोडं मारलं तुमच्या संस्थेचं?" मी "वरून आदेश आलाय" एवढेच म्हणालो, कारण सर शेजारी उभे होते. पत्र लिहिताना शेजारी कोणी उभे राहत नाही, म्हणून खरे कारण लिहितो. तुमचा डेपो एका टिकलीपायी उठला. कपाळाची नव्हे.

मार्चमध्ये मी तराजू घेऊन आपल्या भागातले कळप हिंडलो, ते तुम्हाला आठवत असेल. एकेक मेंढरू झोळीत टांगून वजन घेतले. तुमच्या लंगड्या मेंढीपाशी तुम्ही म्हणालात, "ही नगं लिहूस, लाज वाटती." मी लिहिली. मी काही गाळत नाही. सांगलीला येऊन सगळे आकडे एक्सेलच्या तक्त्यात भरले. तक्त्यात प्रत्येक उभ्या रकान्याच्या डोक्यावर नाव द्यावे लागते. पहिल्याला दिले 'कळप', दुसऱ्याला 'उन्हाळ्यातले वजन (किलो)'. शुद्ध, कंसासकट. पण आलेख काढणारा जो प्रोग्राम आहे (फुकट मिळतो, म्हणून संस्थेने घेतला) त्याला असले नाव चालत नाही. 'कळप' चालते, ते बापडे एकच आहे. दोन शब्दांमध्ये फट दिसली, की त्याला वाटते एक गोष्ट संपून दुसरी सुरू झाली. कंस दिसला, की वाटते आपल्याला काही काम सांगितले. मग लाल अक्षरांत ओरडतो.

आमचे राजवर्धन सर पुण्याला शिकून आलेले आहेत. ते म्हणाले, "नुसतं 'वजन' लिही ना." मी म्हणालो, सर, कुठले? पावसाळ्यातल्या वजनाचा रकाना शेजारीच आहे. "मग फटीत खाली रेघ मार." दोन शब्दांच्या मध्ये जमिनीवर रेघ ओढायची असते, असे मला शाळेत कोणी शिकवले नाही (बारावीला राहिलो तो गणितात आणि इंग्रजीत, मराठीत नाही), म्हणून मी ओढली नाही. शिवाय उपाय होता. अशा नावाच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक तिरकी टिकली (कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर असते ती) लावायची, की प्रोग्रामला कळते, हे सगळे मिळून एका रकान्याचे नाव आहे. त्रास एवढाच, की कीबोर्ड मराठीत असताना ती टिकली उमटत नाही. इंग्रजी करा, टिकली लावा, मराठी करा, नाव लिहा, पुन्हा इंग्रजी करा, टिकली लावा. मी ते सगळे निमूट केले होते. आलेख तयार होता.

साताऱ्याच्या बैठकीला निघताना सरांना आलेखातल्या टिंबांचा लाल रंग आवडला नाही (पाहुणे उदास होतात म्हणे). रंग बदलायला त्यांनी मी प्रोग्रामला लिहिलेल्या सूचना पुसल्या आणि घाईघाईने स्वतः लिहिल्या. टिकल्यांचा कंटाळा आला, म्हणून साधी अवतरणचिन्हे घातली.

मामा, फरक समजून घ्या, कारण तुमचा चारा त्यातच गेला. टिकली लावली तर प्रोग्राम त्या नावाच्या रकान्यात जाऊन आकडे बघतो. अवतरणचिन्हे घातली तर त्याला वाटते, हा नुसता शब्द आहे. आकड्यांकडे तो जातच नाही. आणि ओरडतही नाही. सगळी मेंढरे त्या एका शब्दाच्या उंचीवर बसवून मोकळा होतो. तुमची लंगडी आणि नाथाजींचा तो माजलेला मेंढा, दोघे एकाच रेषेत. डावीकडे किलोचे आकडे असायला हवेत, तिथे फक्त 'उन्हाळ्यातले वजन (किलो)' असे सुंदर अक्षरांत.

हे मी साताऱ्यात थेट पडद्यावर पाहिले. मला वायर धरायला नेले होते. अध्यक्ष लालासाहेब (वाईचे, मेंढरू त्यांनी ताटातच पाहिलेले) खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "वा, कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही. सगळे एका पातळीवर आले की हो." शेजारच्या बाईंनी वहीत 'समता' असे लिहिले. मी वाकून पाहिले, शुद्ध होते. मी सरांच्या कानाशी लागलो, सर, आकडे कुठे गेले? सर पाहुण्यांकडे बघून हसत होते. तसेच हसत म्हणाले, "वायर नीट धर." चहा यायच्या आत ठराव झाला. पूर्व भागातले कळप एकसारखे सुदृढ, तेव्हा डेपो बंद, आणि तो चारा पाचगणीला पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांसाठी. म्हणजे घोडे तुम्ही मारले नाहीत, उलट पोसता आहात.

परतताना जीपमध्ये मी कराड मागे पडू दिले. मग सांगितले. सरांनी मांडीवर लॅपटॉप उघडून आपले लिहिलेले बराच वेळ वाचले. मग म्हणाले, "असली वाकडी नावं देतोस कशाला? तुझ्या शुद्धलेखनानं घात केला." मी विचारले, दुरुस्त आलेख पाठवू का? "आता आलेख चुकला म्हटलं, तर ठराव चुकला असं होईल. ठराव लालासाहेबांचा आहे." थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत, पाहुण्याला पाणी हवे का विचारावे तसे विचारले, "तुझा करार याच महिन्यात संपतोय ना?"

खरा आलेख माझ्याकडे आहे. तुमच्या कळपाची टिंबे सगळ्यांत खाली आहेत. तो कोणाला दाखवावा, हे मला कळत नाही. मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
मल्हार

ता. क. – मुख्य राहिलेच. येत्या शुक्रवारी लालासाहेब फोटोसाठी तुमचा कळप बघायला येणार आहेत. सर म्हणाले, "तुझेच मामा ना, सांग त्यांना." तरी लंगडी आणि तिच्यासारखी खपाटीला गेलेली जी असतील, ती त्या दिवशी ओढ्यापलीकडे न्यावीत आणि सारख्या अंगाची तेवढी पुढे काढावीत. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण करार संपतो आहे.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सोनियाचा फोन आला. "आबा आत्ताच आटपाडीच्या बाजारातनं आलं. लंगडी आन् हडकुळी समदी इकली. चारा न्हाई तर काय कराचं?" मी विचारले, उरलेली कशी आहेत? ती म्हणाली, "बरी हायत की. समदी सारखीच." म्हणजे आलेख बरोबर आला, मामा. आता ओढ्यापलीकडे काही न्यायला नको. पहिला ता. क. खोडत नाही, पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही.