नवरा गेला, सासू राहिली

४ जुलै

परत तेच! बाथरूमचा दिवा रात्रभर चालू. सकाळी म्हटलं, "आई, दिवा बंद करत जा." तर म्हणतात, "मी नाही लावला." मग काय भुताने लावला? घरात माणसं दोनच. मीच जाऊन बंद केला. सासूशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय!

कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला 'कुटुंब' हा धडा सुरू केला. फळ्यावर व्याख्या लिहिली — रक्त, विवाह किंवा दत्तकविधान यांनी बांधलेला, एका छपराखाली राहणारा गट. दरवर्षी लिहिते. आज मात्र खडू हातात तसाच राहिला. घरी आम्ही दोघी. रक्ताचं नातं नाही. लग्न मोडून दहा-अकरा वर्षं झाली. दत्तक कुणी कुणाला घेतलेलं नाही. म्हणजे माझ्याच फळ्याप्रमाणे आम्ही नुसत्या दोन बायका, एका छपराखाली!

खोकल्याचं नाटक केलं आणि पुढे शिकवलं.

५ जुलै

दमले. बाकी काही नाही.

८ जुलै

स्टाफरूममध्ये इतिहासवाल्या बाईंचं पालुपद — "नवरा सोडलास आणि सासू ठेवून घेतलीस, धन्य आहेस बाई!" सगळे हसले. मीही हसले. खरं तर मी ठेवून वगैरे काही घेतलं नाही. सासूबाईंचे चिरंजीव, म्हणजे माझा तेव्हाचा नवरा (नाव घ्यायचा कंटाळा, म्हणून मी त्याला हेच म्हणते) बॅग उचलून निघाले तेव्हा सासूबाई कुकर लावत होत्या. "तू जा, मी येत नाही," एवढंच म्हणाल्या आणि शिट्टीची वाट बघत उभ्या राहिल्या. नंतर हा विषय कुणीच काढला नाही.

आज कार्यवाद शिकवला. समाज म्हणजे शरीर, कुटुंब त्याचा अवयव. ते पोरं वाढवतं, त्यांना माणसांत आणतं, दमून आलेल्याला विसावा देतं. मागच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, विसावा देणारीच दमली तर?" वर्ग खो-खो हसला. "ते संघर्षवादात येईल," मी म्हटलं. तेवढ्यात तास संपला. वाचले!

११ जुलै

आज कहर झाला. चिरंजीवांचा फोन, सासूबाईंच्या मोबाईलवर. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर चालू. तो म्हणाला, "आई, तुझ्या सुनेला सातवा महिना लागलाय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. मी समोर पेपर तपासत बसलेली.

"हिला? अरे, पन्नाशी उलटली की हिची!"

"ही नाही गं! माझी बायको!"

"मग बायको म्हण ना. सून कशाला म्हणतोस?"

मी स्वयंपाकघरात पळाले आणि तोंडावर हात दाबून हसले. हसू थांबेना. मग कधी रडू आलं तेच कळलं नाही. इतकी वर्षं सासूबाईंच्या तोंडी ती 'त्याची बायको' आणि मी 'आमची सून'. डॉक्टरांपुढे, दुकानात, जिन्यात — सगळीकडे. मी एकदाही चूक सुधारली नाही.

फोनचा मतलब एवढाच — तिला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, तेव्हा आई हवी. गरज सरो वैद्य मरो ऐकलं होतं. इथे गरज पडली आणि वैद्य जिवंत झाला!

१२ जुलै

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "जाऊ का गं?"

"तुमचं नातवंड आहे. तुम्ही ठरवा."

"मी तुला विचारतेय."

"मी कोण सांगणारी?"

बोलून गेले! त्यांनी ताट अर्धवट सोडलं.

खरं काय ते इथे तरी लिहावं. त्या जायला हव्यात. गुडघ्यांना तेल, कानाचं मशीन, गोळ्या, वर कॉलेज — जीव मेटाकुटीला आलाय. आणि त्या जायला नकोत. एकदा गेल्या की परत कशा मागायच्या? कुठल्या नात्याने?

१५ जुलै

गेल्या. चिरंजीव खाली गाडीतच बसून होते, वर आले नाहीत. "आता तरी झोप नीट," सासूबाई मला म्हणाल्या. बॅग मीच खाली नेली.

१७ जुलै

खूप झोपले. तरी थकवा आहेच.

सकाळी बाथरूमचा दिवा चालू! म्हणजे मीच ती. इतके दिवस त्या बाईला बोल लावले.

वर्गात संघर्षवाद. राबणारीच्या फुकट श्रमावर घर उभं, आणि घरावर समाज. चष्मेवालीचा हात वर — "मग ती निघून का जात नाही?" पुस्तकात उत्तर नाही. म्हटलं, "कधी कधी बाकीचेच निघून जातात." आज कुणी हसलं नाही. मुलांना काय कळलं कोण जाणे.

२० जुलै

सासूबाईंचा फोन. कुजबुजत होत्या — म्हणजे कमी ऐकणाऱ्याची कुजबुज, शेजाऱ्यालाही ऐकू जाईल अशी!

"हा घरी नसतोच गं. पोरगी एकटी पडून असते. उठली तरी ओरडतो, पडून राहिली तरी ओरडतो. तोच जुना खाक्या."

मग जरा थांबून — "तू एवढी वर्षं कशी काढलीस गं?"

आजवर कधी विचारलं नव्हतं. "गोळ्या घेताय ना वेळेवर?" मी उलट विचारलं. फोन ठेवल्यावर फार राग आला. त्याचा, त्यांचा, माझाही. मग घर आवरत बसले.

२४ जुलै

दुपारी बेल वाजली. दारात सासूबाई. त्यांच्यामागे कठडा धरून ती — त्याची बायको. डोळे सुजलेले, पायांत दोन वेगळ्या चपला.

"इथे आणलं हिला," सासूबाई म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे नेणार? मला घर एकच आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तिला माझी खोली दिली, तिथला पंखा बरा चालतो.