खऱ्या पत्र्याची खोटी गाडी

ती. मामांना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोकं जरा वेळ तिथंच राहू द्या, कारण पुढं जे लिहिणार आहे ते तुमच्या डोळ्यांत बघून सांगण्यासारखं नाही. पत्राला उशीर झाला हे मला ठाऊक आहे. पेन होतं तेव्हा कागद नव्हता, कागद मिळाला त्या दिवशी हाताला डिंक लागलेला होता, आणि एकदा तर तुमच्या नावापर्यंत लिहून झालं होतं, पण खिडकीखाली कुणाची तरी गाडी चालू होईना म्हणून ढकलायला गेलो तो संध्याकाळी परत आलो. खरं म्हणाल तर काहीतरी करून दाखवल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि करून दाखवणं जमेना. तुमचा डावा कान कसा आहे? (मामी अजून खर्चाचं त्याच कानाशी बोलते का, की तुम्ही तिला मुद्दाम त्या बाजूला बसवता हे तिच्या लक्षात आलं?) मामीचा गुडघा, गॅरेजमधली ती लंगडी मांजर, मागच्या भिंतीला टेकवलेला तो बेवारशी बॉनेट, सगळे ठीक असतील अशी आशा आहे.

तुमच्याकडचं गाड्यांचे पोचे काढायचं काम सोडून निघाल्यावर मी आधी एका छापखान्यात होतो, मग गालिचे धुणाऱ्याकडे, मग एका जादूगाराची पेटी वाहायला (तो कबुतरांशी फार वाईट वागायचा, पण ते पुन्हा कधीतरी). सध्या एका दुकानात आहे. तिथं हाताच्या पंजावर मावतील अशा गाड्या, विमानं आणि बोटी सुट्ट्या भागांत विकतात आणि लोक त्या घरी नेऊन जोडतात. खेळणी म्हणायचं नाही, मालकीणबाईंना राग येतो. मी गल्ल्यामागे बसतो, माळ्यावर झोपतो आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की खोक्यांवरची चित्रं बघतो. दुकानाच्या काचेत एक फिरती तबकडी आहे, वर एक दिवा. महिनाभर तिच्यावर एकच गाडी हळूहळू गिरक्या घेत असते, आणि रस्त्यानं जाणारा माणूस थांबतो तो तिच्यासाठी. जोडून आणलेल्या गाड्यांतली कुणाची ठेवायची ते मालकीणबाई ठरवतात. त्या तबकडीवर माझी गाडी बसवायची, तिचा फोटो काढायचा आणि मग तुम्हाला पत्र लिहायचं, असा बेत होता. फोटो सोबत नाही यावरून तुम्ही काय ते ओळखलं असेल.

या खेपेला बाईंनी सगळ्यांना हॉट रॉड करायला सांगितली. म्हणजे जुनी गाडी घ्यायची, छप्पर कापून बुटकं करायचं, इंजिन उघडं टाकायचं आणि रंग अजिबात द्यायचा नाही, नुसता पत्रा. आमच्या खोक्यात मात्र सगळं प्लॅस्टिक. त्या प्लॅस्टिकवर उघडा पत्रा दाखवायचा, वेल्डिंगच्या रेघांसकट, हीच सगळी गंमत. मी मनात म्हटलं, पत्रा? अरे, मी कुणाचा भाचा.

आता कवळीवाल्याबद्दल सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगाच जळतोय. हा दुकानात नेहमी येतो, एका दवाखान्यासाठी कवळ्या बनवतो. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा, बोलणं इतकं मऊ की समोरच्याला वाटतं आपल्यालाच काहीतरी झालंय. दातांना चकाकी आणायच्या रबरी चकत्या, सुईएवढे ब्रश, सुती हातमोजे, सगळं त्याच्याकडे कामावर आयतंच पडलेलं. त्याची गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं कुणीतरी खरी गाडी धुतली आणि ती आटली. दाराचा पत्रा एका छटेचा, बॉनेटचा जरा काळपट, धुराच्या नळीपाशी निळसर जळल्यासारखं, चाकावरच्या वळणाला गंजाचा एक ठिपका, तो पण लाजत बसलेला. मी तिच्याकडे बघत बसलो आणि माझा चहा गार झाला. दुसऱ्या दिवशीही गार झाला. मामा, माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. हा आपणहून माझ्याशेजारी बसला आणि सगळं सांगून टाकलं. आधी काळा चकचकीत रंग, त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे. तो पूर्ण वाळला की वर ॲल्युमिनियमचा फवारा, इतका पातळ की फवारलं की नुसता श्वास सोडला ते कळू नये. मग पेन्सिलीच्या शिशाची पूड कापसानं चोळायची. बोट लावायचं नाही, बोटाचं तेल उमटतं. असं कुणी सांगतं का? मी त्याच्या जागी असतो तर निदान काळा रंग तरी लपवला असता.

त्यानं सांगितलंय म्हटल्यावर तसं करणं मला शक्यच नव्हतं. म्हणून आधी नुसता चंदेरी डबा फवारला. गाडी बक्षिसाच्या कपासारखी दिसायला लागली, फक्त कान नव्हते. मग जेवण गुंडाळायचा चमकी कागद चिकटवला, तर तिला अशा सुरकुत्या पडल्या की मालकीणबाईंनी डबा समजून ती माझ्या पिशवीत ठेवली. शेवटी झक मारत काळा रंग दिला. पण तो पूर्ण वाळू देणं माझ्या स्वभावात नाही (तुमचं प्रायमर वाळायच्या आत मी हात लावायचो, त्यावरून तुम्ही काय काय बोलला होतात ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही). बाईंचं केस वाळवायचं यंत्र आणून गरम हवा सोडली. छप्पर मऊ झालं आणि सीटवर बसलं. मी म्हटलं, हॉट रॉडचं छप्पर बुटकंच असतं. बाई म्हणाल्या, बुटकं असतं, आत ड्रायव्हर बसायचा असतो.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. म्हणजे रोजच होते, पण तेव्हा उपयोगाची झाली. हा सोंगाचा पत्रा कशाला करायचा, आपण सरळ खरा पत्रा ठोकू. बिस्किटांच्या डब्याचं झाकण घेतलं, लाकडाचा साचा कोरला, आणि तुम्ही मला दिलेली ती छोटी हातोडी बाहेर काढली. आणि मामा, हात विसरला नव्हता. डोळे मिटले, तळवा पत्र्यावर फिरवला, जिथं उंच लागलं तिथं हलकेच टोला. चाकांवरची ती गोलाई आहे ना, जिथं पत्रा चुणी धरतो, तिथं मी चुणी धरू दिली नाही. ठोकताना बाहेर बघायचं सुचलं नाही, भूक लागली नाही. मला वाटलं हे बघायला तुम्ही हवे होतात. नंतर वाटलं बरं झालं नव्हतात, दाराची फट मागे जरा रुंद झालीये.

निकालाच्या दिवशी दोन्ही गाड्या टेबलावर. बस चालवणारे एक काका नेहमी येतात, त्यांनी कवळीवाल्याच्या गाडीला हात लावला आणि पटकन बोटं मागे घेतली. म्हणाले, गार लागेल असं वाटलं होतं. प्लॅस्टिक, मामा. मग माझी उचलली, अलीकडून बघितली, पलीकडून बघितली. “छान केलंयस रे, पण पत्रा खरा वाटत नाही.” मी म्हटलं, काका, तो खराच आहे. ते म्हणाले, “असेल, पण वाटत नाही.” मी ड्रॉवरमधून चुंबक काढलं आणि छपराला लावलं. गाडी उचलली गेली, सगळ्यांसमोर हवेत लोंबकळली. चुंबकाला पटलं, बाईंना नाही. त्यांनी तिला दिव्याखाली धरलं आणि म्हणाल्या, “हिच्यात मला माझा चष्मा दिसतोय. खऱ्या गाडीच्या दारात एवढा मोठा चष्मा दिसेल का?” आणि तुझे हातोडीचे टोले बघ, म्हणाल्या, खऱ्या मापात धरले तर एकेक परातीएवढा. बरोबर होतं त्यांचं, म्हणूनच जास्त लागलं. गाडी लहान करता येते, टोला लहान करता येत नाही. सोंग तबकडीवर चढलं आणि खरा पत्रा गल्ल्याशेजारी रबरबँड ठेवायला गेला. आता दिवसभर मी आत बसतो आणि माझ्याकडे पाठ करून कवळीवाल्याची गाडी गिरक्या घेते. दर गिरकीला एकदा माझ्याकडे बघते तेव्हा मी पावती फाडत असल्याचं दाखवतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण कवळीवाला माझ्याकडे आला, रबरबँड बाजूला काढून ठेवले, हातमोजे पण काढले, आणि चाकावरची ती गोलाई अंगठ्यानं चाचपत बसला. कितीतरी वेळ. मग म्हणाला, “मला वाटायचं मला पत्रा येतो. मला पत्र्याचा रंग येतो.” हे ठोकणं कुणी शिकवलं, असं त्यानं विचारलं. मामा, मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा फुगलो आणि फुगल्यावर माझं तोंड बंद राहत नाही. तुमचं सगळं सांगितलं. डोळे मिटून तळव्यानं पोचा कसा शोधता, एका बाजूनं ठोकताना दुसऱ्या बाजूचा आवाज कसा ओळखता, कान गेला तरी हात कसा ऐकतो. तो जाड चष्म्यामागून ऐकत राहिला. शेवटी मी पत्ता पण दिला. इतकंच कळवायचं होतं. बाकी सगळं क्षेम. मामीला नमस्कार, मांजरीला जे काय लागतं ते.

तुमचा भाचा
(त्याच बॉनेटवर झोपायचा तो)

ता. क. – एक छोटं काम आहे. जाड चष्म्याचा, मऊ बोलणारा कुणी खोक्यात गाडी घेऊन गॅरेजवर आला आणि पत्रा शिकवा म्हणाला, तर गॅरेज बंद आहे असं सांगा. चालू दिसलं तर म्हणा, बंद करतोय. कान पुढं केलात तरी चालेल, डावा.

पुन्हा ता. क. – तुम्ही त्याला परत पाठवणार नाही हे लिहिता लिहिताच कळलं. तुम्ही कुणाला पाठवलंय आजवर? मग शिकवा. मोठी हातोडी द्या, जुना बॉनेट द्या, चहा द्या. फक्त पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातावर आपला हात ठेवून पत्र्यावरून फिरवला होतात आणि म्हणाला होतात, हाताला विचार, तसं त्याला करू नका. तोंडी सांगा. तो हुशार आहे, त्याला समजेल.

शेवटचा ता. क. – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात माळ्याच्या जिन्यावर पाय वाजले. कवळीवालाच आहे. खांद्याला पिशवी, अंगात चांगला शर्ट. दवाखान्यातून रजा काढली म्हणे, आणि बाईंकडून माझीही मागून घेतली. मामांकडे एकट्यानं कसं जायचं, तू ओळख करून दे, म्हणतो. बसमधली खिडकीची जागा माझ्यासाठी घेतलीये, मला बाहेर बघायला आवडतं म्हणून. (बघा, असा आहे तो. रागवायला जागाच ठेवत नाही.) त्याच्या खोक्यात त्याची गाडी असेल असं वाटलं, पण उघडलं तर माझी निघाली. तबकडीवरची राहू दे, मामांना ही दाखवायची, म्हणाला. तेव्हा हे पत्र तुम्हाला पोस्टानं नाही, माझ्याच हातून मिळेल. त्याच्यासमोर वाचू नका. दाराची ती फट दिसली तरी आत्ता काही बोलू नका, मागून बोला. आणि मामा, दार उघडाल तेव्हा आधी मला आत घ्या.