निर्झरा आधी कोणाची

३ नोव्हेंबर, सोमवार
सूनबाई मोताळ्याला माहेरी बाळंत झाली, शुक्रवारी. मुलगी. दोन किलो आठशे. वेळ विचारली तर अमोल म्हणतो, "चार-सव्वाचार झाले असतील, बाबा." असतील म्हणजे काय? बाप दवाखान्यात हजर, मनगटावर घड्याळ, मोबाईलात घड्याळ, समोर भिंतीवर घड्याळ. शेवटी कागदावरच्या वेळेचा फोटो मागवला. ४.०७.
पहिली नात. नाव तयार आहे. निर्झरा. कितीक वर्षं जपून ठेवलंय. रेणुका, अमोल झाले तेव्हा हे सुचलेलं नव्हतं, नाहीतर रेणुकाचंच ठेवलं असतं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसानं शोधलेलं नाव आहे, कॅलेंडराच्या मागच्या पानावरचं नाही.
दुकानात पाण्याच्या दोन मोटरी जळून आल्या, तार नव्यानं भरायला. हरभऱ्याचं पाणी सुरू, आता रांग लागेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सुधाकरकडे पेढे घेऊन गेलो. नर्सरीत वांग्याच्या रोपांना पाणी मारत होता. त्यालाही नात झाली आहे, पावणेदोन महिन्यांची. रविवारी तिचं बारसं. म्हणालो, आपण दोघं एकाच हंगामात आजोबा झालो बे. हसला.
मग त्याला नाव सांगितलं. सगळ्यात आधी त्याला, सौ.लाही नंतर. पाईप तसाच हातात धरून उभा राहिला. एक ट्रे नको तेवढा भिजला. म्हणाला, "तुले आठवते का बे, हे नाव..." तेवढ्यात मिरचीची रोपं न्यायला गिऱ्हाईक आलं. तो ट्रे मोजायला गेला, मी निघालो.

९ नोव्हेंबर, रविवार
किळस आली. दुसरा शब्द नाही.
सु.च्या नातीचं बारसं. मंडपाच्या तोंडाशी फुग्यांची कमान, एक बाजू बसलेली. धूर सोडायचं यंत्र भाड्यानं आणलेलं. त्या धुरात पाळणा, पाळण्यात दोन महिन्यांचं लेकरू खोकतंय आणि बाया व्हिडिओ काढताहेत. चुलत आत्यानं कानात नाव सांगितलं, पोरींनी तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या, इथवर ठीक. मग फळ्यावरचा मखमली पडदा दोरीनं ओढला. थर्माकोलची सोनेरी अक्षरं.
निर्झरा.
टाळ्या. सु. माझ्याकडे पाहत होता. मी चपला शोधायला लागलो. पाच दिवसांपूर्वी माझ्या तोंडून ऐकलेलं नाव माणूस सोनेरी करून टांगतो. जेवलो नाही. सौ. पोटभर जेवली, बुंदीचा द्रोणही घेऊन आली. म्हणते, "अन्नावर काऊन राग काढता?"

११ नोव्हेंबर, मंगळवार
सु. दुकानात आला. सकाळी साडेदहा. तीन गिऱ्हाईकं बसलेली. हातात पेढ्यांचा डबा.
"जेवला नाहीस परवा."
मी वायरवरची नजर काढली नाही. तारेच्या गुंडाळीचे आटे मोजत होतो, एकवीस झाले होते.
"बोल ना बे."
म्हणालो, चोरी केलेल्या नावाचे पेढे मी खात नाही.
"चोरी?"
"मंगळवारी तुले सांगितलं, रविवारी तू टांगलं. शाळेत बारावीपर्यंत गेला, एक नाव स्वतःचं सुचलं नाही तुले."
एक जण हसला, मग त्यानं खोकल्याचं सोंग केलं.
सु. म्हणाला, "तुले खरंच आठवत नाही? पहिली मोटर?"
"मोटरीचा इथं काय संबंध?"
त्यानं डब्याचं झाकण दाबून लावलं. मग म्हणाला, "नाही. काहीच संबंध नाही." डबा बाकावर ठेवून गेला. निलाजरेपणाची हद्द. उत्तर नाही म्हणून मोटर मध्ये आणतो.
आटे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले.
संध्याकाळी पाहिलं तर डब्याला मुंग्या. तसाच मागे टाकला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अमोलनं मोबाईलवर नावांची यादी पाठवली. चाळीस नावं. कियारा, मायरा, शनाया. यातली एक तरी मुलगी कधी शेण सारवेल असं वाटत नाही, मोटर चालू करेल असंही वाटत नाही. खाली प्रत्येकाचा अर्थ इंग्रजीत. पुढे वाचलं नाही.
हिवऱ्याहून, सासरहून, रेणुकाचा फोन. आत्या तीच, कानात नाव तिलाच सांगायचं. म्हणते, "दोन निर्झरा असल्या तं काय होते, बाबा? आपल्या गल्लीत पाच गजानन हायत." म्हणालो, ते देवाचं नाव, कुणाच्या मालकीचं नाही. "मंग हे तुमच्या मालकीचं हाय का?" माझ्यावर गेली आहे.
सौ. भांडी घासता घासता: "नाव म्हंजे काय मोटर हाय का, तुमचा नंबर टाकून ठेवाले?"
दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटरीवर मी खिळ्यानं नंबर कोरतो, त्यावरून.
तेवीस तारखेला मोताळ्याला बारसं. नाव बदलायचं नाही. आणि चोरी सिद्ध केल्याशिवाय तेच नाव ठेवायचंही नाही. लोक म्हणतील, यानं त्याचं उचललं.

१६ नोव्हेंबर, रविवार
पुरावा आहे. मी दुकान सुरू केल्यापासून वही लिहितो. वर्षाला एक. मोटर कुणाची, किती एच.पी., तार किती गेजची, आटे किती, आणि खाली दिवसभरात जे घडलं ते. सत्तावीस वह्या पत्र्याच्या पेटीत. सु.नं आयुष्यात दुधाचा हिशोबसुद्धा लिहिला नसेल.
पेटी काढली. झुरळांची अंडी, कडुनिंबाचा भुगा. सौ. म्हणाली, सुट्टीच्या दिवशी घाण काढून राह्यले. दुपारी अकराव्या वहीत सापडलं, समासात, माझ्या अक्षरात: "नात झाली तर – निर्झरा." सतरा वर्षांपूर्वीचं. पान दुमडून ठेवलं. झेरॉक्स काढून त्याच्या नर्सरीच्या फाटकाला चिकटवतो.
तरी आणखी मागचं मिळालं तर बरं. पुरावा पक्का हवा. उद्या उरलेल्या दहा पाहतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सापडलं. पहिलीच वही.
जसंच्या तसं उतरवतो, कारण वहीत खाडाखोड मी कधी केली नाही, आजही करणार नाही:

"पहिली मोटर. सुधाकरची, विहिरीवरची, ५ एच.पी. गावात कोणी द्यायला तयार नव्हतं, याला कोणी शिकवलं म्हणायचे. सुधाकरनं दिली. बाप रागावला त्याच्यावर. दोनदा जळली. तिसऱ्यांदा भरली. आज चालली. हौदात पाणी पडलं तेव्हा दोघं ओले झालो. सुधाकर म्हणे पोरगी झाली तर निर्झरा नाव ठेवीन. म्हटलं म्हणजे काय. म्हणे झरा पडतो ना बे, तसं. चांगला शब्द आहे."

त्याखाली तो शब्द पाच वेळा गिरवलेला. माझंच अक्षर. तेव्हा असं वाकडं होतं.
त्याला दोन मुलगेच झाले. पोरगी झालीच नाही. सत्तावीस वर्षं थांबला.
दुकान उघडलं नाही. सौ.ला सांगितलं, पोट बिघडलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी सु.ची मोटर पिकअपमध्ये घालून मेहकरकडे जाताना पाहिली. नर्सरीवरची. माझा नंबर कोरलेला, लांबूनही ओळखतो. पहिली कधीच बाद झाली, त्यानंतरच्या त्याच्या चारही मोटरी मीच भरल्या. दुसऱ्याच्या हाताला एकही लागली नव्हती. मेहकरवाला वार्निश एकदाच मारतो, नीट सुकवतही नाही. पावसाळ्यापर्यंत जळेल.
गाडी दुकानासमोरून गेली. हात वर केला होता मी. ड्रायव्हरनं पाहिलं नसेल.
त्या दिवशी दुकानात हसलेला माणूस आज आला. "काय मग, नावचोर भेटला का पुन्हा?" मजा घेत होता. मी म्हणालो, चूक माझी होती. "कोणती?" म्हणालो, तुझी मोटर सोमवारी ने. एवढंच जमलं. तिघांसमोर चोर म्हणालो आणि खरं एकालाही पूर्ण सांगता आलं नाही. मुंग्या लागलेला डबा आठवत राहिला.
किळस तीच आहे, माणूस बदललाय.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या मोताळा. कुंची, झबली, पाळण्याची दोरी, सौ.नं सगळं बांधलं. दोरीची गाठ मी पुन्हा मारली, तिची सैल होती.
रेणुका आली आहे. "आतातरी सांगा. कानात काय सांगू? मी तिथं गेल्यावर घोळ नको." म्हणालो, वाटेत सांगतो. "वाटेत काय हाय?"
नातीसाठी सु.कडे नाव मागायचं आहे. वापरायचं नाही, मागायचं. तो नाही म्हणाला तर नाही. मग कियारा का होईना. पण मागितल्याशिवाय माझ्या नातीच्या कानात ते नाव जाणार नाही.
पहिली वही पिशवीत टाकली, झबल्यांच्या वर. सौ. म्हणाली, "बारशाले जाता का कोर्टात?" दुमडलेलं अकराव्या वहीतलं पान उलगडून सरळ केलं. घडी गेली नाही.
गाडीवाला येऊन गेला. सकाळी साडेसहाला निघायचं. गाडी सात जणांची, आम्ही सहा. त्याला सांगितलं, नर्सरीच्या फाटकाशी पाच मिनिटं थांबव. "कोणाले घ्यायचं हाय का तिथून?"
म्हणालो, जागा एक आहे. मागची खिडकीकडची. तिच्यावर सामान ठेवू नको.