तळहातावरचे सहा शब्द

लिहून ठेवतो मी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा बुकबाइंडिंग, की माझं डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, मी माझ्या मागची ही व्यवस्था करत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लाज असल्याचा दाखला मिळत नाही, तो खाली मीच देतो.

एक. राहतं घर पत्नीच्या हयातीत तिचं, तिच्यामागे आमच्या एकुलत्या एक मुलीचं. बँकेतली ठेव पत्नीच्या देखभालीला. तिला सांभाळणाऱ्या बाईंना कोणी उलटून बोलू नये.

दोन. दाबायचा शिकंजा, दाभण आणि खळीचं भांडं धाकट्या भावाला. माझी चांगली कात्री त्यानं बावीस वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेली, ती त्याच्याकडेच राहू दे.

तीन. हे कलम मुलीनं खाली बसून वाचावं.

आईचं विसरणं अचानक सुरू झालं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे. म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या केंद्रात आम्ही दोघं दरवर्षी जायचो. रक्त घ्यायचे, मूठ आवळायला लावायचे, चालवून बघायचे. शेवटी दहा शब्द ऐकवून अर्धा तास बाहेर बाकावर बसवायचे आणि मग एकेकाला आत बोलावून ते विचारायचे. आपसात बोलायचं नाही, असा नियम. तुझी आई हळूच मला सगळे सांगायची. माझं रक्त वयापेक्षा अकरा वर्षांनी तरुण निघालं होतं, डोकंही तसंच दिसावं ही हौस. केंद्राच्या भिंतीवर आमचा फोटो लागला आणि मी हवेत गेलो.

सातव्या वर्षी बाकावर ती म्हणाली, "अहो, किल्ली एवढंच आठवतंय. बाकीचे कुठं गेले?"

"लक्ष कुठं असतं तुझं?" मी खेकसलो. पण मला तेव्हाच कळलं होतं. मला सहा आठवत होते, ते मी पेनानं तिच्या तळहातावर लिहिले.

"काका, दोघांचेही सहा. वयाला धरून आहे," केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. असं तीन वर्षं केलं. बाई एकदा समजावत होत्या, की शरीरात काही म्हाताऱ्या पेशी मरायचं नाव घेत नाहीत आणि शेजारच्या चांगल्या पेशींनाही बिघडवतात. मी मान खाली घालून ऐकलं.

चौथ्या वर्षी तिनं हात बघितला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी रुमालानं पुसून टाकलं. त्या दिवशी तिचा आजार सापडला. त्यावरचं नवं औषध सुरुवातीच्या रोग्यांनाच देतात. "दोन-तीन वर्षं आधी कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. आपल्याच हातून निसटलं, असं त्या बिचाऱ्या डॉक्टरबाईंना वाटतंय.

चार. माझा मेंदू केंद्राला द्यावा. कलम तीनची प्रत तिथल्या डॉक्टरबाईंना द्यावी, आमचे आकडे खोडावेत आणि चूक त्यांची नव्हती हे तोंडी सांगावं. मुली, तूही तिथं जाऊन तपासून घे. जावईबापूंना बरोबर नेऊ नकोस.

पाच. माझ्यासाठी पत्नीकडे कोणी माफी मागू नये. गेल्या महिन्यात मी मागून पाहिली. सगळं सांगितलं, रडलो. तिनं माझा हात थोपटला आणि म्हणाली, "एवढं मनाला लावून घेऊ नका. घरी जा, बायकोला सांगा. ती समजून घेईल."

सही : मृत्युपत्र करणारा, बुकबाइंडर
साक्षीदार : घरचे डॉक्टर
साक्षीदार : शेजारचे शिंपी (कलम तीन न वाचता)
स्थळ : राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : बारा मार्च दोन हजार पंचवीस